तास मोजले, ताण कोण मोजणार?

6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफडे येथील नाइट क्लबला आग लागली. वृत्तपत्राच्या कार्यालयात ही पाने छपाईला सोडण्याची वेळ असते. पुढच्या काही तासांत मृतांचा आकडा वाढत 25 वर गेला. त्यांतील बहुसंख्य तेथेच राबणारे, पोटासाठी परराज्यांतून गोव्यात आलेले कर्मचारी होते. अशा रात्री प्रतिनिधी घटनास्थळी आणि गोमेकॉच्या आवारात धाव घेतात, हे वाचकाला ठाऊक असते. कार्यालयात बसलेल्या माणसाचे काय होते, हे मात्र सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्याच्या फोनवर आणि संगणकावर छायाचित्रे, चित्रफिती एकामागून एक येऊन पडत असतात. त्यांपैकी छापण्याजोगे कोणते हे ठरवायचे, तर न छापण्याजोगी सगळी आधी त्यालाच पाहावी लागतात.

त्याच वर्षी 3 मे रोजी पहाटे शिरगाव येथे श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले, तेव्हाही वृत्तपत्रांच्या कार्यालयांवर अशीच वेळ आली होती. या दोन्ही घटनांची चौकशी झाली, जबाबदारी कुणाची यावर वाद झडले, मदत जाहीर झाली. हे सारे व्हायलाच हवे होते. पण अशा घटना शब्दांत उतरवणाऱ्यांच्या मनावर काय साचत जाते, हा प्रश्न वृत्तपत्रांच्या जगातही क्वचितच विचारला जातो. प्रश्न विचारणे हेच ज्या व्यवसायाचे काम, त्याने स्वतःविषयीचा हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे टाळला आहे. कामगार कायद्यांत नुकत्याच झालेल्या बदलामुळे तो ऐरणीवर आणण्याची संधी राज्यासमोर आली आहे.

पाहणाऱ्याची जखम

पत्रकाराला मानसिक आघात होतो असे म्हटले की युद्धवार्ताहर आठवतो. टोरांटो येथील मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. 140 युद्धवार्ताहरांच्या त्या पाहणीत 28.6 टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणाव विकार जडल्याचे आढळले. हे प्रमाण लढाईवरून परतलेल्या सैनिकांमधील प्रमाणाच्या जवळपास जाणारे होते. तोवर पत्रकार हा केवळ साक्षीदार, त्यामुळे तो सुरक्षित, अशी समजूत होती. तिला या आकड्याने तडा दिला.

परंतु बातमीच्या जगातील बहुसंख्य माणसे कधीही युद्धभूमीवर जात नाहीत. म्हणून फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014 सालचा दुसरा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा आहे. घटनास्थळावरून लोकांनी पाठवलेली हिंसक दृश्ये कार्यालयात बसून तपासणाऱ्या 116 पत्रकारांची त्यात पाहणी होती. ही दृश्ये एका वेळी किती तास पाहिली, यापेक्षा ती किती वारंवार पाहावी लागली, याचा मनःस्थितीवरील परिणामाशी अधिक संबंध असल्याचे त्यात दिसून आले. एखाद्या रात्री सलग पाच तास पाहण्यापेक्षा रोज थोडे थोडे पाहणे अधिक त्रासदायक ठरू शकते, असा त्याचा अर्थ. आणि रोज थोडे थोडे पाहणे हेच तर डेस्कवरच्या कामाचे स्वरूप आहे.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-5’ या निदानपुस्तिकेनेही हा फरक मान्य केला आहे. पडद्यावर भीषण दृश्ये पाहिल्याने होणारा त्रास एरवी आघातोत्तर तणाव विकाराच्या व्याख्येत बसत नाही. ती दृश्ये पाहणे हा कामाचा भाग असेल, तर मात्र बसू शकतो. यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. घरी बसून चित्रफीत पाहणारा ती नकोशी झाली की बंद करतो. डेस्कवरच्या माणसाला ती शेवटपर्यंत पाहावी लागते, पुन्हा मागे न्यावी लागते, तीतला वाहनाचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी वाचून ती आजची की तीन वर्षांपूर्वीची हे ठरवावे लागते.

मोठ्या दुर्घटना रोज घडत नाहीत. त्यांच्या मधल्या दिवसांत रस्ते अपघात, समुद्रात बुडून मृत्यू, आत्महत्या, बालकांवरील अत्याचार यांच्या बातम्या नित्यनेमाने येत राहतात. कुणाच्या तरी घरचा सर्वांत काळा दिवस एका कॉलमात, दहा ओळींत बसवायचा आणि लगेच पुढच्या बातमीकडे वळायचे, ही या व्यवसायाची शिस्त. तिची किंमत हळूहळू वसूल होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’चा उल्लेख करताना त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले. गळून गेल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, अशी तिची तीन लक्षणे सांगितली आहेत.

यांतले दुसरे लक्षण वृत्तपत्रांच्या कार्यालयांत बऱ्याचदा गुण म्हणून मिरवले जाते. अपघाताच्या बातमीवर विनोद करणारा कणखर ठरतो. लहान मुलाच्या मृत्यूची बातमी हातावेगळी करून दहा मिनिटे गॅलरीत जाऊन उभा राहणारा कच्चा ठरतो. नव्याने आलेला तरुण हे पाहतो आणि गप्प राहायला शिकतो. पुढे झोप उडते, चिडचिड वाढते, कुणी मद्याकडे वळतो, कुणी एके दिवशी नोकरीच सोडतो. त्याच्या राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असते.

लहान राज्याचा पेच

2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख. एवढ्या लहान राज्यात बातमी आणि बातमी देणारा यांच्यात अंतर राहत नाही. महानगरातल्या वार्ताहराला घटनास्थळ सोडले की गर्दीत मिसळून जाता येते. सत्तरी, काणकोण किंवा पेडण्यातल्या वार्ताहराला ज्या घरी मृत्यू झाला त्या घरावरूनच उद्या सकाळी जायचे असते. अपघातग्रस्त दुचाकीचा क्रमांक ओळखीचा निघणे, मृताचे नाव टंकताना तो आपल्या भावाचा वर्गमित्र असल्याचे ध्यानात येणे, ही येथे कादंबरीतली कल्पना नसते. शिरगावच्या जत्रेची बातमी लिहिणाऱ्याच्या घरातलाच कुणी व्रतस्थ धोंड असणे, हे डिचोली तालुक्यात अगदी स्वाभाविक आहे.

हीच जवळीक सत्तेच्या बाबतीतही असते. जमीन, खाण, बेकायदा बांधकाम यांविषयीची बातमी प्रसिद्ध झाली की संबंधिताचा फोन संपादकाआधी वार्ताहरालाच येतो, कधी त्याच्या वडिलांनाही. बहुतेक वेळा गोष्ट शब्दांवरच थांबते. पण ती नेहमीच तेथे थांबेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. गोव्याच्या उत्तरेला, रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे 6 फेब्रुवारी 2023 रोजी पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला वाहनाने चिरडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रस्तावित रिफायनरीच्या एका समर्थकाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. या प्रकरणी पुढे खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी 2017 साली कायदा केला होता. तरीही गावपातळीवर एकट्याने काम करणाऱ्या वार्ताहराच्या मनातली भीती कायद्याने पुसली जात नाही, हे या घटनेने कोकणपट्ट्यातल्या प्रत्येक वार्ताहराला सांगितले.

तालुका वार्ताहराच्या ताणाला आणखी एक पदर आहे. त्याला बऱ्याच ठिकाणी बातमीगणिक किंवा नाममात्र मासिक मानधन मिळते. चतुर्थी आणि दिवाळीच्या पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा करण्याचे कामही अनेकदा त्याच्याच गळ्यात असते. ज्या पंचायतीच्या कारभारावर जुलैत बातमी दिली, तिच्याच सरपंचाकडे ऑगस्टमध्ये शुभेच्छांची जाहिरात मागायला जाणे हा नुसता व्यावसायिक अवघडलेपणा नव्हे. स्वतःच्या नजरेतून उतरत जाण्याचा तो अनुभव असतो. मानसिक स्वास्थ्याची चर्चा रक्तबंबाळ दृश्यांपुरती ठेवली, तर या दैनंदिन मानहानीची दखलच घेतली जात नाही.

त्यात आता डिजिटल माध्यमाची भर पडली आहे. पूर्वी बातमी रात्री एकदा संपत असे. अंक छापायला गेला की दिव्यांबरोबर डोकेही थोडे विझवता येई. संकेतस्थळाची आवृत्ती बंद होत नाही. सकाळी सहाला व्हॉट्सअॅपच्या गटावर पहिली सूचना येते आणि रात्री बाराला शेवटची. कोणती बातमी किती जणांनी उघडली हे दर मिनिटाला पडद्यावर दिसत असते, आणि त्या आकड्याशी माणसाची किंमत जोडली जाते. बातमीखालच्या शेऱ्यांत पत्रकाराच्या हेतूंवर, जातीवर, धर्मावर घसरणारे असतात. महिला पत्रकारांच्या वाट्याला येणारी शेरेबाजी तर त्याहून हीन पातळीची असते. ती वाचून काढून टाकण्याचे कामही कुणाला तरी करावे लागते.

कायद्याचे बोट

श्रमिक पत्रकारांसाठी देशात 1955 पासून स्वतंत्र कायदा होता. सलग चार आठवड्यांत 144 तासांहून अधिक काम देऊ नये आणि दर सात दिवसांत सलग 24 तासांची विश्रांती द्यावी, असे तो सांगत होता. 1957 च्या नियमांनी दिवसपाळीला सहा तासांची आणि रात्रपाळीला साडेपाच तासांची मर्यादा घातली होती. सलग एका आठवड्याहून अधिक काळ, किंवा चौदा दिवसांत एका आठवड्याहून अधिक, कुणालाही रात्रपाळी देऊ नये, असाही नियम होता. रात्री जागून बातम्या करणे हे दिवसाच्या कामाहून जड आहे, ही समज सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या नियमकर्त्यांना होती.

ती कागदावरून कार्यालयात किती उतरली, हे वृत्तपत्रांत काम केलेला कुणीही सांगू शकेल. एकेका माणसाने वर्षानुवर्षे रात्रपाळी केल्याची उदाहरणे कमी नाहीत. वेतनाच्या बाबतीत तर मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 साली अधिसूचित झाल्या, 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, आणि तरीही अंमलबजावणीसाठी पत्रकारांना अवमान याचिका घेऊन न्यायालयात जावे लागले. तिचा निकाल 2017 साली आला. कायदा आपल्या बाजूने असूनही हाती काही पडत नाही, ही भावनाही ताणाचेच एक कारण असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1955 चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. या बदलाच्या दोन्ही बाजू पाहायला हव्यात. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत आता दृक्‌श्राव्य आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकारही आले, ही स्वागतार्ह गोष्ट. चार आठवड्यांत 144 तास आणि आठवड्याला एक दिवस विश्रांती ही चौकटही कायम आहे. परंतु संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. चार-पाच जणांवर चालणारी वृत्तसंकेतस्थळे गोव्यात कमी नाहीत, आणि त्यांतल्या तरुणांना या संरक्षणाचा उपयोग होईलच असे नाही. शिवाय पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय, त्यालाच कायदा पत्रकार मानतो. दिवसा दुकान किंवा शिकवणी सांभाळून बातम्या देणारा तालुका वार्ताहर पूर्वीप्रमाणेच या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर राहतो.

आणखी एक उणीव अधिक खोल आहे. संहितेच्या नावातच आरोग्य आहे, मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूदही आहे. पण आरोग्य म्हटले की आपल्या व्यवस्थेच्या डोळ्यांसमोर रक्तदाब आणि साखर येते. मनाला होणारी इजा ही कामाच्या ठिकाणची इजा असू शकते, हे गृहीत धरून फारसे काही लिहिलेले नाही. येथे राज्याची भूमिका येते. पत्रकारांच्या कामाच्या तासांचा तपशील संहितेने नियमांवर सोपवला आहे आणि वृत्तपत्र आस्थापनांपुरते नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. 1957 च्या नियमांतली रात्रपाळीची मर्यादा नव्या नियमांत टिकते की गळते, याकडे पत्रकार संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. ती टिकवणे ही किमान मागणी. तपासणीत मनःस्वास्थ्याचा समावेश व्हावा, ही तिच्यापुढची.

खर्चाचा नव्हे, सवयीचा प्रश्न

मालकांची जबाबदारी कुठवर जाते, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. मेलबर्नच्या ‘द एज’ या दैनिकातल्या एका महिला पत्रकाराने अनेक वर्षे गुन्हेवार्ता सांभाळली. त्रास होत असल्याचे तिने वरिष्ठांना सांगितले होते. तिला त्या कामातून हलवले गेले, पण न्यायालयाच्या वार्तांकनावर. तेथे खुनाच्या खटल्यांचे तपशील पुन्हा ऐकणे आलेच. व्हिक्टोरिया राज्याच्या काउंटी न्यायालयाने 2019 साली वृत्तपत्राला काळजी घेण्याच्या कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी धरून तिला 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. पत्रकाराने घेतलेला मानसिक आघात हा मालकाच्या टाळता येण्याजोग्या निष्काळजीपणाचा परिणाम असू शकतो, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की पोलिस, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे चालक, परिचारिका हे याहून भीषण रोज पाहतात. मग पत्रकारांचेच कौतुक कशाला? आक्षेपातले तथ्य मान्य करावे लागेल. त्यांची परवड मोठी आहे आणि तीही दुर्लक्षित आहे. परंतु एकाच्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा. कागदाचे भाव, घटत्या जाहिराती आणि फुकट बातमीची सवय यांत सापडलेली लहान दैनिके समुपदेशक कोठून नेमणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. नैराश्यग्रस्तांना मदत करण्यासाठी प्रत्येक ठिकाणी मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही, प्रशिक्षण दिलेला सामान्य कार्यकर्ताही ते काम परिणामकारकपणे करू शकतो, हे ‘संगथ’ या संस्थेने गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या अभ्यासांतून जगापुढे आले. त्यांतला एक अभ्यास 2010 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांनी त्याची दखल घेतली. जे आरोग्य केंद्रात जमले, ते वृत्तपत्राच्या कार्यालयात का जमू नये? दोन-तीन दैनिकांनी आणि पत्रकार संघटनेने मिळून काही सहकाऱ्यांना असे प्रशिक्षण द्यायचे ठरवले, तर त्याचा भार एकट्या कुणावर पडणार नाही. त्यापुढच्या उपचारांसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. कार्यालयाने घेतलेल्या सामूहिक विम्यात ते आहे की नाही, एवढे तपासायला एक दूरध्वनी पुरतो.

काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. आत्महत्या आणि गुन्ह्यांच्या बातम्या महिनोन्महिने एकाच उपसंपादकाकडे न देता त्या आळीपाळीने वाटता येतात. भीषण दृश्ये सर्वांच्या गटावर न टाकता, आधी सूचना देऊन, ज्याला गरज आहे त्यालाच पाठवता येतात. आवाज बंद ठेवून आणि पडद्यावरची चौकट लहान करून ती पाहिली तर धक्का कमी बसतो, हे या क्षेत्रात काम करणारे जाणकार सांगतात. मोठ्या दुर्घटनेच्या वार्तांकनानंतर संबंधितांना एक दिवस सुट्टी देता येते, आणि दुसऱ्या सकाळी वृत्तसंपादकाने ‘बातमी चांगली झाली’ याच्या जोडीला ‘झोप झाली का?’ असेही विचारता येते. यांतली प्रत्येक गोष्ट तालुका वार्ताहरालाही लागू व्हायला हवी. मदत मागणाऱ्याचे नाव बाहेर फुटणार नाही आणि त्याच्या बढतीवर त्याची सावली पडणार नाही, ही खात्री मात्र आधी द्यावी लागेल. ती नसेल, तर कितीही चांगली सोय केली तरी तिच्याकडे कुणी फिरकणार नाही.

या साऱ्याशी वाचकाचा काय संबंध, असे वाटणे शक्य आहे. संबंध थेट आहे. भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर 2019 मध्ये आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आत्महत्येच्या पद्धतीचे वर्णन करू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये, भडक मथळा देऊ नये, अशी ती आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 24 वे कलम उपचार घेत असलेल्या व्यक्तीविषयीची माहिती तिच्या संमतीविना प्रसिद्ध करण्यास मनाई करते. ही तत्त्वे पाळायची की नाहीत हे प्रत्यक्षात ठरते ते रात्री साडेबारा वाजता, तीन पाने अंगावर असलेल्या एकट्या उपसंपादकाच्या टेबलावर. तो ताजातवाना असेल तर वाक्य खोडेल; सातव्या सलग रात्री बसलेला असेल तर पोलिसांचे पत्रक जसेच्या तसे सोडून देईल. त्या एका वाक्याचा परिणाम कुठल्या तरी घरातल्या अस्वस्थ मुलावर होऊ शकतो. मृताचे नाव चुकणे, आरोपीऐवजी फिर्यादीचा फोटो लागणे, अफवेची बातमी होणे, यांतल्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी बेफिकिरी कमी आणि थकवा अधिक असतो.

हडफडे येथील आगीच्या बातम्या इतक्यात संपणाऱ्या नाहीत. सुनावण्या होतील, वर्षश्राद्ध येईल, दुसऱ्या एखाद्या क्लबच्या परवान्याचा वाद निघेल. दर वेळी संग्रहातून जुने छायाचित्र शोधावे लागेल, आणि ते शोधणारा बहुधा तोच असेल ज्याने त्या रात्री ती सगळी छायाचित्रे पाहिली होती. नियम लिहिताना राज्य सरकारने आणि पाळ्या लावताना संपादकांनी त्याची आठवण ठेवली, तरी पुष्कळ होईल.